कोणत्या घरी कोणता कुत्रा

शाळा, रुग्णालयं, बस आगारं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवावीत आणि नसबंदीनंतरही परत तिथे सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. त्याआधी २२ ऑगस्टच्या आदेशात न्यायालयाने दत्तकाचाही उल्लेख केला होता: ज्याला भटका कुत्रा घरी न्यायचा आहे त्याने महापालिकेकडे अर्ज करावा, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहणं त्याचीच जबाबदारी. या आदेशांबद्दल मतं वेगवेगळी असतील, पण निवाऱ्यांतली गर्दी वाढणार आणि त्या कुत्र्यांसाठी घरं शोधावी लागणार, हे उघड आहे. आज ही घरं बहुतेक वेळा फोटोवरून ठरतात. मोबाइलवर पिल्लाचा फोटो येतो, घरातली मुलं हट्ट धरतात, फॉर्म भरला जातो आणि संध्याकाळी पिल्लू घरी येतं. कुत्रा एखाद्या घरात रुळेल की नाही, हे त्याच्या रूपावरून, जातीवरून किंवा निवाऱ्यातल्या वागण्यावरून फारसं कळत नाही. ते त्या घरातल्या काही दिवसांच्या सहवासातूनच कळतं. म्हणून कायमचं दत्तक देण्याआधी तात्पुरता सांभाळ, म्हणजे फोस्टरिंग, ही पायरी जिथे जमेल तिथे असलीच पाहिजे.

जातीपासून सुरुवात करू. लॅब्रेडॉर म्हणजे मुलांचा सवंगडी आणि गावठी म्हणजे राखणीचा, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले गेले आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे पडतो, असं त्यात दिसलं. मग निवाऱ्यात चाचण्या घेऊन स्वभाव ओळखावा, असं कुणी म्हणेल. पण चहूबाजूंनी भुंकणं, अनोळखी वास, दिवसभर पिंजरा, अशा ठिकाणी घाबरलेला कुत्रा गुरगुरला तर त्यातून त्याची भीती कळते, स्वभाव कळेलच असं नाही. पॅट्रोनेक आणि ब्रॅडली या अभ्यासकांनी २०१६ साली याच चाचण्यांची छाननी केली आणि आक्रमक कुत्रा हुडकण्याच्या कामी त्या नाणेफेकीहून फार सरस नाहीत, असं परखडपणे मांडलं. उलट, अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांमधल्या दोनशेहून अधिक कुत्र्यांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की एखाद-दोन रात्री कुणाच्या घरी काढल्या तरी कुत्र्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक कमी होतं आणि निवाऱ्यात परतल्यावर पुन्हा वाढतं. म्हणजे खरा कुत्रा पाहायचा तर तो घरातच पाहायला हवा.

आणि घरात पाहायचं म्हणजे अगदी बारीकसारीक पाहायचं. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याने लिफ्ट कधी पाहिलेली नसते. दार सरकलं की तो चारही पाय रोवून मागे ओढतो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून तो भिंतीच्या कडेकडेने चालतो. गळ्यात पट्टा असताना लघवी करायची असते हेच त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे तासभर खाली फिरून वर आल्यावर तो पायपुसणं ओलं करतो. यातलं बहुतेक सारं काही आठवड्यांत सुटतं, पण सकाळी सहाला उठून त्याला खाली नेणारं माणूस घरात असेल तरच. आजोबा काठी टेकत चालतात का, रांगतं मूल आहे का, कामाच्या मावशींना कुत्र्याची भीती वाटते का, घर भाड्याचं असेल तर घरमालकाचा होकार आहे का, हे प्रश्न कुत्र्याच्या रंगाआधी यायला हवेत. पिल्लाचा हट्ट तर मला सर्वांत चिंतेचा वाटतो. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात पिल्लू माणसं, आवाज, जागा यांना सरावतं, आणि नेमक्या त्या दिवसांत त्याला सतत कुणाची तरी सोबत लागते. दोघंही सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतणार असतील, तर त्यांना दोन महिन्यांचं पिल्लू देणं पिल्लावर अन्याय आहे आणि त्यांच्यावरही. त्यांच्यासाठी तीन-चार वर्षांचा, शांत, दुपारभर झोपणारा कुत्रा योग्य, आणि नेमका तोच निवाऱ्यात मागे राहतो.

इतकी चौकशी केली तर घ्यायला येणारेही पळून जातील, असा आक्षेप संस्थांमधले लोकच घेतात. तो अर्धा खरा आहे. पगार किती, घर स्वतःचं का, लग्न झालंय का, असल्या प्रश्नांनी चांगली माणसं दुरावतात आणि त्यातून कुत्र्याच्या सुखाबद्दल काहीही कळत नाही. चौकशीऐवजी बोलणं हवं, आणि ते दोन्हीकडून हवं. हा कुत्रा फटाक्यांना घाबरतो, त्याला एकटं ठेवलं तर तो दार ओरबाडतो, हे संस्थेने आधीच सांगितलं पाहिजे. दुसरा आक्षेप असा, की पंधरा दिवसांनी कुत्रा परत आला तर त्याला दुसऱ्यांदा टाकल्यासारखं होईल. त्रास होतो, हे नाकारता येणार नाही. पण परत आणायला संकोच वाटला, तर तोच कुत्रा गॅलरीत बांधलेला राहतो किंवा लांब कुठेतरी सोडून दिला जातो. शिवाय परत येणाऱ्या कुत्र्याबरोबर त्याची माहितीही येते: मांजर चालते, लहान मुलं चालत नाहीत, रात्री शांत झोपतो. पुढचं घर त्यामुळे अधिक नेमकं सापडतं. आणि ज्या कुत्र्याची नसबंदी, लसीकरण झालं आहे, ज्याला गल्ली सांभाळते आणि ज्याला तिथून हलवण्याचा आदेश नाही, त्याला दया म्हणून चौथ्या मजल्यावर नेण्याची गरज नाही. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियमही अशा कुत्र्याला त्याच्या मूळ जागी परत सोडायला सांगतात.

तुम्ही कुत्रा दत्तक घ्यायच्या विचारात असाल, तर संस्थेला आधी विचारा, की पंधरा दिवस सांभाळून पाहता येईल का. आणि तुमच्या घरी दिवसभर कोण असतं, हे त्यांना खरं सांगा.