दोन कड्या आणि एक कोंबडा

१२ जुलै १९९८, फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची रात्र. खरं तर आपल्याकडे १३ तारीख लागली होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आमच्या चाळीत तळमजल्यावरच्या खोलीत पंधरा-वीस जण एका टीव्हीभोवती दाटीवाटीने बसले होते. फ्रान्सच्या झिदानने कॉर्नरवर उडी घेऊन डोक्याने पहिला गोल केला आणि मध्यंतराच्या तोंडावर जवळपास तसाच दुसरा. सगळी चाळ जागी झाली. कॅमेरा जवळ गेला तेव्हा त्याच्या निळ्या जर्सीवर, छातीपाशी, मला एक कोंबडा दिसला. वाघ-सिंह सोडून या देशाने कोंबडा का मिरवावा, हा प्रश्न त्या रात्री डोक्यात शिरला तो कायमचाच.

त्याचं पुस्तकी उत्तर लवकर मिळालं. लॅटिनमध्ये ‘गालुस’ म्हणजे कोंबडा आणि ‘गालुस’ म्हणजेच गॉलचा, म्हणजे जुन्या फ्रान्सचा माणूस, म्हणून फ्रेंचांचा हा जुना मानबिंदू. विषय तिथेच संपला असता. पण काही वर्षांनी फ्रान्सच्या पहिल्यावहिल्या राष्ट्रीय संघाविषयी वाचताना कळलं की त्या खेळाडूंच्या छातीवर कोंबडा नव्हताच. पांढरे सदरे होते आणि त्यांवर एकमेकींत अडकवलेल्या दोन कड्या, एक निळी आणि एक लाल. त्या कड्या गेल्या कुठे? या एका प्रश्नापायी मी कामापुरती फ्रेंच शिकलो. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं सर्वांसाठी खुली केल्यापासून माझ्या कित्येक रात्री त्या बारीक टायपात गेल्या आहेत.

सुरुवातीचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो सगळीकडे सारखाच आहे: इंग्रज जिथे गेले तिथे चेंडू गेला. ल हाव्र बंदरात १८७२ साली ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या माजी विद्यार्थ्यांनी क्लब काढला. त्याच्या जर्सीत आजही त्या दोन विद्यापीठांच्या फिक्या आणि गडद निळ्या छटा आहेत. पॅरिसमधल्या इंग्रज मंडळींनी स्टँडर्ड आणि व्हाइट रोव्हर्स हे संघ उभे केले आणि १८९४च्या पहिल्या अजिंक्यपदासाठी हेच दोन संघ अंतिम सामन्यात भिडले. पहिला सामना बरोबरीत सुटला, पुन्हा खेळवल्यावर स्टँडर्ड जिंकला. फ्रेंच तरुणांच्या ‘क्लब फ्रान्से’ने ते अजिंक्यपद इंग्रजांच्या हातून सोडवलं १८९६ साली.

ही स्पर्धा भरवणारी संस्था हेच या गोष्टीतलं पहिलं पात्र. तिचं पूर्ण नाव फार लांबलचक आहे, मी तिला नुसतं ‘युनियन’ म्हणतो. १८८७ साली जॉर्ज द सें-क्लेर यांनी ती धावण्याच्या शर्यतींसाठी स्थापली. दोन वर्षांत तिने सगळ्या मैदानी खेळांचा कारभार अंगावर घेतला आणि लवकरच पिएर द कुबेरताँ तिचे सरचिटणीस झाले. हेच पुढे आधुनिक ऑलिम्पिकचे जनक. दोन कड्या होत्या त्या या युनियनच्या. राष्ट्रीय संघ तीच निवडत होती, तेव्हा बोधचिन्हही तिचंच.

युनियनचा धर्म एकच, हौशी खेळ. खेळाचा पैसा घेणं म्हणजे बाटणं. शिवाय तिचा खरा जीव रग्बीवर होता. १८९२ साली रग्बीच्या पहिल्या अजिंक्यपदाच्या सामन्यात शिट्टी घेऊन उभे होते ते स्वतः कुबेरताँ. फुटबॉल हा तिच्या घरातला धाकटा मुलगा होता आणि त्याला तसंच वागवलं गेलं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आता २१ मे १९०४ या दिवशी पॅरिसमध्ये, २२९ क्रमांक, रू सें-ओनोरे इथे चला. रस्त्याकडे पाठ करून मागच्या बाजूच्या इमारतीत युनियनचं कार्यालय होतं. तीनच आठवड्यांपूर्वी ब्रसेल्सजवळ फ्रान्सचा संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना बेल्जियमशी ३-३ असा बरोबरीत सोडवून परतला होता. युनियनच्या फुटबॉल विभागाचा चिटणीस रोबेर गेरँ, ‘ल मातँ’ या दैनिकाचा पत्रकार, तिशीही न गाठलेला. लंडनला खेटे घालून इंग्लिश संघटनेला राजी करता करता तो थकला होता. पाण्यावर सुरी चालवावी तसा तो प्रकार, असं त्यानेच नंतर म्हटलं आहे. अखेर इंग्रजांना बाजूला ठेवून त्याने युरोपातल्या संघटनांना बोलावलं आणि त्या खोलीत फिफा जन्माला आली.

सात देशांची नावं लागली, पण खोलीत माणसं होती पाचच देशांची. डेन्मार्कच्या सिलोव यांनी स्वीडनच्या वतीनेही सही केली आणि युनियनच्या आन्द्रे एस्पीर यांनी माद्रिदच्या क्लबच्या वतीने. ज्या फिफाच्या दारात आज सरकारं ताटकळतात, तिचं हे पहिलं हजेरीपत्रक.

त्या दिवशी ठरलेली कलमं मी इतक्यांदा वाचली आहेत की ती आता पाठ झाली आहेत. वार्षिक वर्गणी ५० फ्रँक. एका खेळाडूने किंवा क्लबने एकाच वेळी दोन संघटनांत खेळायचं नाही. एकीने शिक्षा केली तर ती सगळ्यांनी पाळायची. नियम इंग्लिश असोसिएशनचे. सगळ्यांच्या वर, पहिल्या जागी, असं कलम की हजर संघटनांनी एकमेकींना मान्यता द्यायची, आणि ती मान्यता अनन्य राहील. म्हणजे एका देशातून एकच संघटना, दुसरीशी कुणी व्यवहार ठेवायचा नाही.

‘अनन्य’ या शब्दावर माझी पेन्सिल कितीदा थांबली असेल! मी तो असा वाचतो: बेल्जियम किंवा डेन्मार्कला त्याची तेवढी निकड नव्हती, निकड होती यजमानांना. फ्रान्समध्ये तेव्हा फुटबॉल भरवणाऱ्या अनेक संघटना उभ्या राहत होत्या आणि युनियनला घरच्या भाऊबंदकीत बाहेरून शिक्कामोर्तब हवं होतं. ते तिने स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर लिहून घेतलं.

त्या भाऊबंदांत सगळ्यांत जोरकस होते पात्रोनाजवाले. पात्रोनाज म्हणजे पॅरिशच्या पाद्र्याने वस्तीतल्या मुलांसाठी चालवलेलं मंडळ. कारखान्यातून सुटलेली पोरं गुत्त्यात जाण्याऐवजी चर्चमागच्या अंगणात यावीत, हा हेतू. डॉक्टर पोल मिशो या शल्यविशारदाने १८९८ साली या मंडळांची क्रीडासंघटना बांधली. सुरुवात कसरतीने झाली, पण पोरांना चेंडू हवा होता, आणि पाद्र्यांनी तो दिला. डिसेंबर १९०५मध्ये फ्रान्सने राज्य आणि चर्च वेगळं करणारा कायदा केला. त्याच महिन्यात ओसेर गावात आबे देशाँ नावाच्या धर्मगुरूने एक क्लब काढला. फुटबॉल पाहणाऱ्यांना ओसेर ठाऊक आहे. १९९६ साली लीग आणि कप दोन्ही जिंकणारा तो क्लब हाच, आणि त्याच्या स्टेडियमवर आजही त्या पाद्र्याचं नाव आहे. ते वर्ष असं होतं की गावोगाव एका बाजूला प्रजासत्ताकवाद्यांचा क्लब आणि दुसऱ्या बाजूला चर्चचा. फुटबॉलचं मैदान हे त्या भांडणाचं अंगण झालं होतं.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो तो माणूस. शार्ल सिमों. पात्रोनाजच्या क्रीडाचळवळीतला कार्यकर्ता, वय पंचविशीच्या आसपास. मार्च १९०७मध्ये त्याने युनियनबाहेरच्या संघटना एका छत्राखाली आणून आंतरसंघीय समिती स्थापली आणि तिचं सरचिटणीसपद घेतलं. या समितीत कोण होतं पाहा: चर्चची मंडळं, आणि सायकलवाल्यांचं फेडरेशन, ज्याला बक्षिसाच्या पैशाचं वावडं नव्हतं. उपास करणारे आणि पैज लावणारे एका पंक्तीला बसवले या पोराने. प्रत्येक संघटनेने आपापला कारभार सांभाळावा आणि वर्षअखेरीस त्यांचे विजेते एकमेकांशी खेळावेत, एवढंच त्याने मागितलं. या स्पर्धेचं पारितोषिक दिलं कुबेरताँ यांनी. युनियनच्या एकेकाळच्या सरचिटणीसाने युनियनच्या प्रतिस्पर्ध्याला हातभार लावला, हे मला फार बोलकं वाटतं.

पुढच्याच वर्षी युनियनने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. इंग्लंडमध्ये १९०७ साली हौशी क्लबांचा एक गट मूळ असोसिएशनमधून फुटला होता. जून १९०८मध्ये व्हिएन्नाच्या अधिवेशनात युनियनने या फुटलेल्या हौशींना फिफात घ्या असा आग्रह धरला. उत्तर आलं ते १९०४च्या कलमाचं: इंग्लंडमधून एकच, अनन्य. युनियन रागाने फिफातून बाहेर पडली.

तरी ऑक्टोबरातल्या लंडन ऑलिम्पिकला संघ पाठवले ते तिनेच, एक नव्हे दोन. फ्रान्सचा ब संघ डेन्मार्ककडून ९-० असा हरला. तीन दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, अ संघ त्याच डेन्मार्कसमोर उभा राहिला. सोफुस नील्सनने पहिल्या सहा मिनिटांत तीन गोल चढवले. रुबे गावच्या एमिल सार्तोरियुसने एक परत केला. शेवट १७-१ असा झाला, त्यातले दहा एकट्या नील्सनचे. फ्रेंच संघ तिसऱ्या क्रमांकासाठी खेळायला न थांबता घरी निघून गेला. चेंडू मध्यावर ठेवायला सतरा वेळा चालत गेलेल्या त्या अकरा पोरांचा विचार मनातून जात नाही. त्यांच्या छातीवर त्या दोन कड्या होत्या.

रिकाम्या झालेल्या खुर्चीत सिमों जाऊन बसला. १९०८ सरता सरता फिफाने त्याच्या समितीचा हात धरला आणि १९०४चं कलम आता तिच्या बाजूने बोलू लागलं. फ्रान्समधून एकच, आणि ती एक आता युनियन नव्हती! युनियनकडे चांगले खेळाडू होते, नावाजलेले क्लब होते, पण खेळायला परदेशी कुणी नव्हतं. रुबे आणि लीलच्या क्लबांचं दुःख नकाशा पाहिल्यावर कळतं. बेल्जियमची सरहद्द हाकेच्या अंतरावर, आणि पलीकडच्या संघांशी खेळणं नियमाने बंद. युनियनने १९०९ साली इंग्लिश हौशी आणि बोहेमियाला घेऊन स्वतःची जागतिक संघटना मांडून पाहिली, ती काही वर्षांत विरली. समितीचीही दैना कमी नव्हती. तिच्याजवळ मान्यता होती, पण तगडे खेळाडू नव्हते. मे १९०९मध्ये इंग्लंडच्या हौशी संघाने समितीच्या फ्रान्सला ११-० असं धुतलं. तरी राष्ट्रीय जर्सीवर कोंबडा आला तो या समितीच्या काळातच.

१९१० साली पॅरिसच्या बड्या क्लबांनी युनियन सोडून स्वतःची लीग काढली आणि ती समितीला मिळाली. त्यांचा अध्यक्ष जूल रीमे, रेड स्टार क्लबचा संस्थापक, पुढे विश्वचषकाचा कर्ता. सारं श्रेय त्याच्या नावावर जमा होतं. माणूस मोठा होता यात वाद नाही, पण त्याला बसायला घर बांधून ठेवलं होतं सिमोंने. जानेवारी १९१३मध्ये युनियननेच समितीच्या दारात येऊन सदस्यत्व मागितलं. जिने फिफाला आपल्या छपराखाली जन्म दिला, ती आता इतर संघटनांसारखीच एक सभासद होऊन पंक्तीत बसली. विजयी बाजूने तिला हिणवलं नाही, आत घेतलं. मला सिमोंचा मोठेपणा इथे दिसतो.

मग युद्ध आलं. जून १९१५मध्ये आर्त्वाच्या आघाडीवर, आरास शहराजवळ, शार्ल सिमों मारला गेला. वय तिशीच्या थोडं पुढे.

त्याचा सहकारी होता आंरी दलोने, ‘एत्वाल दे द्यू लाक’ या पॅरिसच्या पात्रोनाज क्लबचा खेळाडू. नंतर तो पंच झाला. एका सामन्यात चेंडू थेट तोंडावर बसून त्याचे दोन दात पडले आणि शिट्टी गिळली गेली, तेव्हापासून त्याने पंचगिरी सोडून कारभार धरला, अशी आठवण फ्रान्समध्ये सांगतात. १९०२ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसवर त्याने इंग्लिश कपचा अंतिम सामना पाहिला होता. लहान-मोठ्या सगळ्या क्लबांना एकाच सोडतीत घालणारी ती स्पर्धा त्याच्या मनात घर करून होती. जानेवारी १९१७मध्ये, मित्र गेल्यानंतर दीड वर्षाने, समितीने तशीच स्पर्धा जाहीर केली. कोणत्याही संघटनेच्या क्लबने यावं. नाव दिलं ‘कूप शार्ल सिमों’.

४८ क्लब आले. चर्चचे, युनियनचे, लीगचे, सगळे एका सोडतीत. अंतिम सामना ५ मे १९१८ला पॅरिसच्या रू ऑलिव्हिए द सेर इथल्या मैदानावर झाला. त्या वसंतात जर्मनांची लांब पल्ल्याची तोफ शंभरावर किलोमीटरवरून पॅरिसवर गोळे टाकत होती. पाच आठवड्यांपूर्वी गुड फ्रायडेच्या दिवशी सें-जेर्वे चर्चचं छत प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर कोसळून ऐंशीहून अधिक जण गेले होते. अशा शहरात पांतँ या उपनगराचा ‘ऑलिम्पिक’ नावाचा संघ आणि लिओंचा एफसी लिओं खेळले. पांतँने ३-० असा सामना जिंकला.

७ एप्रिल १९१९ला समितीचं रूपांतर फ्रेंच फुटबॉल महासंघात झालं. अध्यक्ष जूल रीमे. युनियनचे खेळ एकेक करून आपापले महासंघ काढून निघून गेले आणि ती मोडीत निघाली. तिच्या दोन कड्यांचा माग मला लागला तो भलतीकडेच: कुबेरताँ यांनी १९१३ साली ऑलिम्पिकसाठी पाच कड्यांचं चिन्ह काढलं, त्याचं मूळ अनेक अभ्यासक युनियनच्या या जोडकड्यांत पाहतात.

सिमोंच्या नावाच्या स्पर्धेला आज सगळे कूप द फ्रान्स म्हणतात, आणि हजारो क्लब तिच्यात उतरतात, रेयुनियाँ आणि ताहितीसारख्या सातासमुद्रापारच्या बेटांवरचेसुद्धा. महासंघाच्या पहिल्या सभेत सरचिटणीसाची जागा, सिमों ज्या जागेवर समितीत बसत असे ती, आंरी दलोनेकडे आली. नोव्हेंबर १९५५मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्याच्याकडेच होती.