हसताना मिटणारा डोळा

चेहऱ्याच्या लकव्यातून सावरलेला मनुष्य काही महिन्यांनी हसू लागतो, आणि त्याच बाजूचा डोळा आपोआप मिटतो. घरच्यांना हा नवाच विकार वाटतो. वस्तुतः ही बरे होण्यातीलच चूक होय. चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये वर्णिलेला चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावला, की त्याचे सूक्ष्म धागे दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतात. ओठांकडे निघालेला एखादा धागा वाट चुकून पापणीच्या स्नायूत शिरतो. मग एकाच आज्ञेने दोन्ही हलतात.

अशा वेळी जोर लावून केलेला व्यायाम ही खोड उलट पक्की करतो. आरशासमोर सावकाश, किंचितच हसावे व पापणी हलू लागताच थांबावे, हा सराव तज्ज्ञाच्या देखरेखीखाली कित्येक महिने करावा लागतो. हट्टी स्नायूत डॉक्टर बोट्युलिनम विषाची अत्यल्प मात्रा टोचतात; तिचा गुण साधारणतः ३-४ महिने टिकतो.