सरड्याचं ऊन, बाळाचा ताप

अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटात डेझर्ट इग्वाना नावाचा एक मोठा सरडा राहतो. आपल्यासारखं आतून अंग तापवणं त्याला जमत नाही. ऊब हवी असेल तर उन्हात जायचं, नको असेल तर सावलीत. १९७०च्या दशकात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सरड्यांना जंतूंची लागण केली आणि त्यांना ऊब आणि गारवा दोन्ही असलेल्या जागेत मोकळं सोडलं. आजारी सरडे उबेकडे सरकले आणि अंग एरवीपेक्षा दोनेक अंश जास्त तापेल असे तिथेच बसून राहिले. ताप आतून येत नव्हता, तर त्यांनी तो बाहेरून मिळवला! १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात लागण झालेल्या सरड्यांना ठरावीक तापमानातच ठेवलं. ३४ अंश सेल्सिअसमधले जवळजवळ सगळे मेले, ४२ अंशांतले बहुतेक जगले.

दीड-दोन वर्षांचं सर्दीने बेजार झालेलं पोर रात्री कुशीत तापायला लागतं, तेव्हा हे सरडे आठवावेत असं मला मनापासून वाटतं. कारण त्या पोराचं अंगही तेच जुनं काम करत असतं. ताप विषाणू चढवत नाही, शरीर स्वतः चढवतं. विषाणू दिसताच पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यांच्या सांगाव्यावरून मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि हायपोथॅलॅमस हा मेंदूचा इवलासा भाग गिझरचा काटा फिरवावा तसा अंगाच्या तापमानाचा काटा ३७ वरून ३९ वर नेतो.

त्या क्षणापासून ३७ अंशांचं अंग मेंदूच्या लेखी गार ठरतं. म्हणून कपाळ तापलेलं आणि तळहात-तळपाय मात्र गार, हे कोडं आयांना पडतं. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. मूल कुडकुडतं, कारण स्नायूंच्या थरथरीतून उष्णता निर्माण होते. काटा पुन्हा खाली आला की वाहिन्या मोकळ्या होतात आणि घाम फुटतो.

एवढं कळलं की शुश्रूषेतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. हुडहुडी भरली असेल तर पातळ पांघरूण घालावं, अंग तापलं की ते काढावं. गोधडीवर गोधडी नको. कपाळावरच्या मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांनी मुलाला बरं वाटत असेल तर जरूर ठेवाव्यात, पण त्या कातडी गार करतात, आतला काटा हलवत नाहीत. बर्फाच्या पाण्याने तर मूल आणखी कुडकुडतं. काट्यापर्यंत पोचतं ते पॅरासिटामॉल, कारण ते प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतं. त्याचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर. थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून किती मिलिलिटर द्यायचं ते बाटली दाखवून डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊ नये. आणि औषध द्यायचं ते मुलाला आराम पडावा म्हणून. ताप १०१ फॅरनहाइट असूनही मूल खेळत असेल तर आकड्याच्या मागे लागू नये.

नाकात काय चाललेलं असतं, तेही थक्क करणारं आहे. सर्दीचे बरेचसे विषाणू ऱ्हायनोव्हायरस जातीचे. ते ३३ ते ३५ अंशांत उत्तम वाढतात, आणि श्वासाच्या हवेने सतत गार राहणारं नाक त्यांना नेमकं तेवढं तापमान पुरवतं. शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक हवंच, असा समज घरोघर आहे. पण तो रंग लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट विकराचा असतो. लहानग्यांना नाक शिंकरता येत नाही. त्यांच्यासाठी सलाइनचे नेझल ड्रॉप्स पुरेसे. वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी झोपताना अर्धा चमचा मध चालतो, वर्षाच्या आत अजिबात नाही. सर्दीची सिरपं मात्र मनाने आणू नयेत. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना बाटलीवर छापायला भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं.

जेवण टाकणं, नुसतं पडून राहणं हेही पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या त्याच रसायनांचं काम. घास कोंबू नयेत. पेज, वरणाचं पाणी, आईचं दूध, जे जाईल ते थोडं थोडं पाजत राहावं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही. मुलाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर ताबडतोब दवाखाना गाठावा. पहिलीच आकडी असेल तर थांबल्यावरही दाखवावंच.

थर्मामीटरपेक्षा जास्त सांगतो तो श्वास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला गावातल्याच आरोग्यदूतांना आणि दायांना शिकवलं. मोजता न येणाऱ्यांसाठी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. या कामामुळे बालमृत्यू घटल्याचं त्यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. तेच मोजणं घरी करता येतं. मूल शांत असताना किंवा झोपेत, पोटावरचा कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट. तापातही श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजावा. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांच्या बाळात ५० किंवा जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल काहीच पीत नसेल, लघवी थांबली असेल किंवा हलवूनही नीट जागं होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर श्वास न मोजताच निघावं.