औषधाने मन खचते तेव्हा

घरातल्या रुग्णाचे रिपोर्ट सुधारत आहेत, डॉक्टरही समाधानी आहेत. पण रुग्ण मात्र गप्प गप्प. जेवणात लक्ष नाही, झोप नाही, क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी. ‘दुखण्याला कंटाळले आहेत,’ असे म्हणून आपण सोडून देतो. परंतु कधी कधी ही उदासी दुखण्याची नसते, औषधाची असते. आणि ती कोणाला गाठेल, याचा अंदाज बऱ्याच अंशी आधीच बांधता येतो.

हे स्पष्टपणे दिसून आले ते हिपॅटायटिस ‘सी’ या यकृताच्या विकारात. १९९० च्या दशकात आणि नंतरही कित्येक वर्षे त्यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. उपचार सहा महिने ते वर्षभर चाले. इंटरफेरॉन हे द्रव्य आपले शरीरही विषाणूंशी लढताना तयार करते. मात्र मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने टोचल्यावर साधारण चारांपैकी एका रुग्णाला नैराश्य येई. काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही येत.

कोणाला धोका अधिक? ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले होते, ज्यांचे मन उपचारांआधीच थोडे उदास होते, ज्यांना रात्री नीट झोप लागत नव्हती, त्यांना.

मग आधीच काळजी घेतली तर? २००१ साली अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ४० रुग्णांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी त्यांना इंटरफेरॉन द्यायचे होते. निम्म्या रुग्णांना दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरील औषध दिले, उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. पहिल्या गटात ११ टक्के रुग्णांना नैराश्य आले, दुसऱ्या गटात ४५ टक्क्यांना!

२०१३ नंतर नव्या गोळ्या आल्या आणि हिपॅटायटिस ‘सी’साठी इंटरफेरॉन मागे पडले. धडा मात्र कायम आहे. दमा, संधिवातावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडनेही मन बिघडू शकते. मात्रा मोठी, तशी शक्यता अधिक.

म्हणून दीर्घ उपचारांपूर्वी जुने नैराश्य, झोपेच्या तक्रारी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लपवू नका. उपचार चालू असताना रुग्णाची झोप, भूक, बोलणे यांवर घरच्यांनी लक्ष ठेवावे. मरणाची भाषा ऐकू आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. स्टेरॉइड एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते.