ऐकणाऱ्याचे कोण ऐकणार?

दहावीतील एका मुलाची पोटदुखी मी तीनदा तपासली. त्याच्या मनातील भय मला दिसले नाही. पुढे त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला, माझी रुखरुख मात्र मनातच राहिली.

१९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बालिंट यांनी डॉक्टरांसाठी एक रीत घालून दिली. मोजके डॉक्टर नियमित जमतात. एकजण रुग्णाची हकिगत सांगतो. चुकांचा न्यायनिवाडा होत नाही. रुग्णासमोर डॉक्टरच्या मनात काय उमटले, याचा विचार होतो. ब्रिटनमध्ये भावी मनोविकारतज्ज्ञांच्या प्रशिक्षणात असे गट असतात. शिक्षण आणि आधार येथे एकत्रच मिळतात.

आपल्या मंडळानेही मासिक सभेत यासाठी अर्धा तास राखावा, ही नम्र सूचना. पहिली हकिगत मी सांगेन.