हिरव्या पाण्याचा इतिहास

आम्ही इतिहासाचे शिक्षक; रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या स्मरणिकेसाठी पाण्याविषयी लिहावयास घेतले, त्यास एक निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी सहलीच्या वाटेवर एका गावतळ्याच्या काठी विद्यार्थ्यांसह थांबलो होतो. तळे पोपटी हिरवे दिसत होते आणि कडेला मेलेले मासे तरंगत होते. एका मुलीने विचारले, "सर, हिरवं म्हणजे जिवंत ना? मग मासे कसे मेले?" त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे वाचून व जाणत्यांना विचारून जे उमगले, ते येथे मांडत आहोत.

शेतकऱ्याच्या घरी नत्र, स्फुरद, पालाश ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. युरियातून नत्र मिळते, डीएपीतून नत्र व स्फुरद दोन्ही. जे पिकाला पोषक, तेच पाण्यातील शैवालालाही पोषक. पिकाने न घेतलेले खत पावसाबरोबर ओढ्यात उतरते. मैलापाणी, गोठ्याचे पाणी आणि फॉस्फेट असलेल्या धुण्याच्या पावडरीचा फेस गटारांतून नदीला मिळतो. जलाशयाला गरजेहून कितीतरी अधिक अन्न मिळू लागते. यासच अतिपोषण म्हणतात.

पुढचा कार्यकारणभाव सरळ आहे. शैवाल बेसुमार वाढते व पाण्यावर सायीसारखा थर धरते. खालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. शैवालाचे आयुष्य अल्प. ते मरून तळाशी बसते आणि त्यास कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवू लागतात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे बहुधा त्याच सुमारास गुदमरतात. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. तळ्याला अजीर्ण झाले होते.

या रोगाचे कारण पुराव्याने सिद्ध झाले, तो प्रसंग इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. १९७३ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान सरोवराचे पडदा लावून दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन व नत्र टाकले. एकात मात्र स्फुरदही टाकले. स्फुरदाचा भाग हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. वरून घेतलेले त्याचे छायाचित्र वादविवादापेक्षा अधिक बोलके ठरले.

हा रोग बरा होऊ शकतो, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील सिएटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवरात भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी सोडले जात असे. १९५५ मध्ये तेथे नील-हरित शैवालाची एक जात आढळली आणि विद्यापीठातील प्राध्यापक एडमंडसन यांनी धोक्याची सूचना दिली. १९५८ साली नागरिकांनी मतदान करून सांडपाण्यासाठी संयुक्त यंत्रणा उभारण्यास मान्यता दिली. १९६३ ते १९६८ या काळात ते पाणी सरोवराबाहेर वळवण्यात आले. १९६४ च्या सुमारास तेथे जेमतेम पाऊण मीटर खोलीपर्यंत दिसत असे. १९६८ मध्ये सुमारे तीन मीटरपर्यंत दिसू लागले. मात्र प्रत्येक जलाशय इतक्या लवकर सुधारत नाही. उथळ तळ्यांच्या गाळात साठलेले स्फुरद बाहेरचा पुरवठा थांबल्यावरही वर्षानुवर्षे पाण्यात झिरपत राहते.

उपेक्षेची किंमत केवळ मासे मोजत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातील शैवालाचे विष टोलेडो शहराच्या नळापर्यंत पोहोचले आणि चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस ते पाणी पिऊ नये असे सांगावे लागले. यकृताला बाधणारे हे विष पाणी उकळल्याने नष्ट होत नाही. आपण लहानपणापासून शिकलो की पाणी उकळले म्हणजे ते निर्धोक झाले. जंतूंपुरते ते खरे आहे. या विषापुढे तो उपाय चालत नाही.

आपल्याकडे पाहावे तर पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणी व भीमेच्या वाटेने उजनी जलाशयात उतरते. तेथील हिरवे पाणी आणि जलपर्णी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. सोलापूर शहराची तहान याच जलाशयावर भागते. वर राहणाऱ्याने टाकलेले खाली राहणाऱ्याच्या घागरीत येते, हा नदीचा साधा न्याय आहे. जलपर्णी काढणे आवश्यक आहेच. पण अन्नाचा ओघ चालू असेल तर ती पुन्हा येणारच.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुमच्यांपैकी कोणी शेती करता, कोणी नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत काम करता. शेती करणाऱ्यांनी माती तपासून खत द्यावे, ते हप्त्याहप्त्याने द्यावे, मोठा पाऊस तोंडावर असता देऊ नये आणि ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. खताचा पैसाही वाचेल. सभागृहात बसणाऱ्यांनी 'सांडपाण्यावर प्रक्रिया होते का?' एवढे विचारून थांबू नये. त्यातून नत्र व स्फुरद निघते का, हेही विचारावे. नेहमीच्या प्रक्रियेत पाणी वरवर स्वच्छ दिसते, पण ही द्रव्ये बव्हंशी तशीच पुढे जातात.

ती मुलगी आज कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. ही स्मरणिका तिच्या हाती पडली, तर उशिरा का होईना, तिच्या शिक्षकांनी उत्तर दिले, असे तिला वाटावे.