जठराचा कर्करोग: रक्तातल्या खुणांचा मागोवा

जठराचा कर्करोग सुरुवातीला अपचन आणि आंबट ढेकर यांपलीकडे फारसे काही जाणवू देत नाही. म्हणून जपानमध्ये १९६० च्या सुमारास बेरियमचा पांढरा घोळ पाजून क्ष-किरण चित्रे घेणाऱ्या गाड्या फिरू लागल्या. १९८३ पासून चाळिशीपुढच्यांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आली.

रक्तातल्या खुणांनी आधी निराशाच केली. १९६५ मध्ये माँट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या गाठीत सीईए ही खूण सापडली. पुढे सीए १९-९ आली. जठराच्या बाबतीत दोन्ही उशिरा जागी होतात. रोग अस्तरापुरता असताना त्यांची पातळी बहुधा चढतच नाही. उपचारानंतर रोग उलटतो आहे का, एवढे पाहायला ती बरी.

उपयोगी ठरली ती खूण मुळी कर्करोगाची नव्हेच, झिजलेल्या जठराची आहे: पेप्सिन या पाचकाचे पूर्वरूप असलेले पेप्सिनोजेन. पेप्सिनोजेन १ जठराच्या वरच्या व मधल्या भागातल्या ग्रंथींत तयार होते, तर पेप्सिनोजेन २ जठरभर आणि ग्रहणीतही. अस्तर झिजले की पहिले घटते, दुसरे टिकते आणि पहिल्याचे दुसऱ्याशी गुणोत्तर घसरते. जपानमध्ये पहिले ७० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा कमी आणि गुणोत्तर ३ किंवा कमी, ही धोक्याची रेघ रूढ झाली. मात्र झीज न होता पसरणारे कर्करोग तिच्यातून निसटतात.

झिजेमागचा जंतू १९८२ मध्ये पर्थला हाती लागला. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या बशा एरवी दोन दिवसांत टाकून देत. ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी उगवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्ककारक ठरवले. २००१ मधल्या जपानी अभ्यासात १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षे लक्ष ठेवले गेले. जठराचा कर्करोग झालेले ३६ही जण संसर्ग झालेलेच होते.

या जंतूविरुद्धची रक्तातली प्रतिपिंडे आणि पेप्सिनोजेन एकत्र तपासून जपानमध्ये अ ते ड असे धोक्याचे चार गट केले जातात. 'ड' गट चमत्कारिक: पेप्सिनोजेन बिघडलेले, पण प्रतिपिंडे नाहीत. जठर इतके झिजलेले की जंतूलाही तिथे थारा नाही. धोका सर्वांत जास्त याच गटाला. उलट, औषधाने जंतू घालवलेला माणूस चुकून निर्धोक 'अ' गटात जाऊन बसतो.

अलीकडे रक्तातल्या सूक्ष्म आरएनए या छोट्या रेणूंकडे लक्ष वळले आहे. सिंगापूर-कोरियातल्या ५,२४८ जणांच्या अभ्यासातून २०२१ मध्ये बारा सूक्ष्म आरएनएंची रक्तचाचणी मांडली गेली. तिचा निकाल संशयास्पद आला, तरी पुढे दुर्बीण आत घालून तुकडा काढावाच लागतो.